स्पेअर आहे म्हणे, पण कुठे?

रात्रीचे दोन. इंजिन रूममध्ये गोड्या पाण्याच्या कूलिंग पंपाखालून पाणी टिपटिपतंय. मेकॅनिकल सील, म्हणजे पंपाच्या फिरत्या शाफ्टभोवतून पाणी बाहेर येऊ न देणारा भाग, गेलाय. त्यात विशेष काही नाही, सील जातातच. दुसरा पंप चालू करून हा थांबवला. फोर्थ इंजिनिअरनं कॉम्प्युटरवर पाहिलं: सील, शिल्लक २, जागा स्टोअर रूम, रॅक ४, ड्रॉवर क. ड्रॉवर उघडला. खोकी दोन होती खरी. एक रिकामं. दुसऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सील, पण त्याच्या कार्बनच्या कडीचा टवका उडालेला. कधीतरी कुणीतरी नवा सील बसवला, जुना त्याच खोक्यात घातला, खोकं जागेवर ठेवलं आणि कॉम्प्युटरवर आकडा उतरवायचं राहून गेलं. ही लबाडी नव्हे. तेव्हाही पहाटेचे चार वाजलेले असणार आणि सहाला परत उठायचं असणार.

त्या रात्री काम अडलं नाही, कारण दुसरा पंप होता. पण आता त्या जहाजावर एकच पंप उरला होता आणि पुढचं बंदर नऊ दिवसांवर. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मात्र सगळं हिरवं: शिल्लक २, किमान साठा १, काळजी नको.

जहाजांच्या ताफ्याची देखभाल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पाने, क्रेन आणि ग्रीस येतं. ते आहेच. पण काही वर्षं इंजिन रूममध्ये आणि त्याहून जास्त वर्षं किनाऱ्यावरच्या टेबलाशी काढल्यावर माझं मत असं झालंय की खरी मारामारी भागांच्या तुटवड्याशी कमी आणि नोंदींच्या खरेपणाशी जास्त असते. भाग नसेल तर मागवता येतो. भाग आहे असं वाटत असेल, तर तो कुणी मागवतच नाही.

कारखाना आणि जहाज

कारखान्यात पंप बिघडला तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी टेम्पोत घालून भाग आणून देतो. जहाजाला ती सोय नाही. ते स्वतःची वीज स्वतः तयार करतं, पिण्याचं पाणी बहुधा स्वतःच बनवतं, स्वतःचं सांडपाणी स्वतः निस्तरतं, आणि हे सगळं वीस-पंचवीस माणसांच्या बळावर. त्यातली इंजिन रूमची माणसं निम्म्याहून कमी. वर्षाचे तास ८,७६०. मालवाहू जहाजाचं मेन इंजिन त्यातले पाच-सहा हजार तास सहज चालतं.

दुसरा फरक माणसांचा. कारखान्यातला फोरमन वीस वर्षं त्याच मशिनशी असतो, तिच्या आवाजावरून दुखणं ओळखतो. जहाजावरचा इंजिनिअर चार-सहा महिन्यांचा करार संपवून घरी जातो आणि पुढच्या वेळी बहुधा वेगळ्याच जहाजावर चढतो. यंत्राची आठवण माणसात राहत नाही, ती कागदात किंवा कॉम्प्युटरमध्येच ठेवावी लागते. हँडिंग ओव्हर नोट नावाचा जो कागद जाणारा येणाऱ्याला देतो, त्यात ‘स्पेअर्स: समाधानकारक’ एवढी एकच ओळ असेल, तर येणाऱ्यानं सामान उघडण्याआधी ड्रॉवर उघडावेत.

आता याला दहानं किंवा वीसनं गुणा. प्रत्येक जहाजावर हजारो सुट्या भागांच्या नोंदी, प्रत्येक जहाज वेगळ्या समुद्रात, आणि किनाऱ्यावर एकेका टेक्निकल सुपरिटेंडंटच्या, म्हणजे ऑफिसातून देखभाल बघणाऱ्या इंजिनिअरच्या, गळ्यात तीन-चार जहाजं. ताफा सांभाळणं म्हणतात ते हे.

कोणतं काम कधी

जहाजावरच्या देखभालीच्या यादीला प्लॅन्ड मेन्टेनन्स सिस्टिम म्हणतात, बोलताना पीएमएस. कल्पना अगदी साधी आहे. प्रत्येक यंत्राला एक क्रमांक, प्रत्येक यंत्राखाली त्याची कामं, आणि प्रत्येक कामाला एक मुदत. मुदत दोन प्रकारची असते. काही कामं कॅलेंडरवर चालतात: लाइफबोटचं इंजिन दर आठवड्याला चालवून बघायचं, मग ते एरवी वापरात असो वा नसो. काही कामं रनिंग आवर्सवर, म्हणजे यंत्र किती तास चाललं यावर. इंधन शुद्ध करणाऱ्या प्युरिफायरचं मोठं सर्व्हिसिंग साधारण आठ हजार तासांनी किंवा वर्षानं. मेन इंजिनचा पिस्टन बाहेर काढायचा तर त्याहून बऱ्याच जास्त तासांनी. कामाची मुदत जवळ आली की सिस्टिम ते दाखवते आणि त्याला लागणारे भागही दाखवते. निदान दाखवायला हवेत.

हे सगळं कंपनीच्या मर्जीवर नाही. ६ मार्च १९८७ रोजी हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही फेरी बेल्जियमच्या झेब्रुगा बंदरातून पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली आणि उलटली. १९३ माणसं गेली. चौकशीत दोष फक्त दरवाजा बंद न करणाऱ्या खलाशावर थांबला नाही, तो थेट कंपनीच्या व्यवस्थापनापर्यंत गेला. पुढे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं १९९३ मध्ये आयएसएम कोड, म्हणजे जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाचा नियमसंच, मंजूर केला. प्रवासी जहाजं, टँकर, बल्क कॅरियर (धान्य, कोळसा असा सुटा माल नेणारी जहाजं) यांना तो १ जुलै १९९८ पासून आणि बाकी मालवाहू जहाजांना १ जुलै २००२ पासून लागू झाला. त्याचा दहावा विभाग देखभालीचा. त्यातलं एक कलम मला सगळ्यांत शहाणं वाटतं: कोणतं उपकरण अचानक बंद पडलं तर धोका होईल ते कंपनीनं आधीच ठरवून ठेवावं, आणि त्याच्या भरवशाची सोय करावी. यालाच क्रिटिकल इक्विपमेंट म्हणतात. स्टिअरिंग गिअर, इमर्जन्सी जनरेटर, फायर पंप अशांची यादी होते, आणि त्यांच्या भागांना स्टोअर रूममध्ये वेगळा, बहुतेक वेळा लाल, टॅग लागतो.

त्याच्या जोडीला क्लास असते, म्हणजे लॉइड्स रजिस्टर, डीएनव्ही, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग यांच्यासारखी वर्गीकरण संस्था. जहाजाचं मोठं सर्व्हे चक्र पाच वर्षांचं. यंत्रसामग्रीचं सर्व्हे पाच वर्षांनी एकदम करण्यापेक्षा दरवर्षी साधारण पाचवा हिस्सा उघडून दाखवायची सोय असते, आणि बहुतेक कंपन्या तीच घेतात. मालवाहू जहाजाचा तळ पाच वर्षांत दोनदा तपासावा लागतो, दोन तपासण्यांमध्ये ३६ महिन्यांहून जास्त अंतर नको. म्हणजे कुठल्या वर्षी कोणते भाग लागणार याचा बराच अंदाज आधीच बांधता येतो. ड्राय डॉकसाठी, म्हणजे जहाज पाण्याबाहेर घेऊन करायच्या कामासाठी, लागणारा स्टर्न ट्यूबचा (पंख्याचा शाफ्ट जिथून बाहेर जातो त्या नळीचा) सील सेट ऐन डॉकमध्ये आठवला, तर तो माणसाचा दोष, समुद्राचा नाही.

उघडावं की नको

इथे एक गोष्ट नवख्यांना पटत नाही. जास्त देखभाल म्हणजे जास्त भरवसा, हे खरं नाही. १९७८ मध्ये स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप या विमान कंपनीतल्या दोघा अभियंत्यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी विमानांच्या देखभालीवर एक अहवाल लिहिला. वय वाढलं म्हणून बिघडण्याचं प्रमाण वाढतं, असे भाग त्यांना फक्त ११ टक्के सापडले. ६८ टक्के भागांचं उलट होतं: बसवल्याबसवल्या सुरुवातीला बिघाडाची शक्यता जास्त, आणि ते दिवस निघाले की मग शांत.

विमानाचे आकडे जहाजाला जसेच्या तसे लावू नयेत. खाऱ्या पाण्यातला पंप आणि पिस्टन रिंग झिजतातच, त्यांना वय असतं. पण इंजिन रूममध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा: ओव्हरहॉलनंतरचे पहिले चोवीस तास सगळ्यांत धाकधुकीचे असतात. उलटी बसलेली ओ-रिंग, अर्धवट आवळलेला बोल्ट, पाइपमध्ये राहिलेली चिंधी. चिंधी तर विशेष.

म्हणून चांगली कंपनी उघडण्याआधी बघते. मोठ्या टू-स्ट्रोक इंजिनमध्ये पिस्टन बाहेर न काढताही रिंगा दिसतात: इंजिन थांबवून टर्निंग गिअरनं हळूहळू फिरवायचं आणि स्कॅव्हेंज पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरला हवा देणाऱ्या भोकांतून, टॉर्च मारून एकेक रिंग तपासायची. तेलाचा नमुना लॅबला पाठवला की त्यातल्या लोखंडाच्या प्रमाणावरून झीज कळते. बेअरिंगच्या कंपनांवरूनही बरंच कळतं. यातून ‘बारा हजार तास झाले, काढा’ याच्या जागी ‘अजून दोन हजार तास निघतील’ असं म्हणता येतं. आणि हे वाक्य सुट्या भागांच्या हिशेबात फार मोलाचं आहे, कारण तेवढ्या वेळात भाग विमानाऐवजी बोटीनं येऊ शकतो.

तरी सरासरीवर फार विसंबू नये. इंधनात कधीकधी ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनचे अतिशय कठीण कण येतात, रिफायनरीतल्या उत्प्रेरकाचे उरलेले. त्यांना कॅट फाइन्स म्हणतात. बंकरच्या, म्हणजे जहाजात इंधन म्हणून भरायच्या, जड तेलात त्यांची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे आणि इंजिनपर्यंत पोचण्याआधी प्युरिफायरनं ते खूप खाली आणायचे असतात. प्युरिफायर नीट चालला नाही, तर दोन वर्षं पुरतील असं वाटलेल्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) काही आठवड्यांत झिजतात. एका बंदरात घेतलेलं एक वाईट बंकर, आणि गेल्या पाच वर्षांच्या खपावरून काढलेले सगळे अंदाज केराच्या टोपलीत.

भागाचं नाव

सुटा भाग मागवताना सगळ्यांत जास्त चुका होतात त्या नावात. ‘पंप सील, २ नग’ अशी रिक्विझिशन, म्हणजे जहाजाची मागणी, आली की ऑफिसातल्या परचेसवाल्याला घाम फुटतो. कुठला पंप? कुणी बनवलेला? मॉडेल? अनुक्रमांक? ड्रॉइंगवरचा क्रमांक? जहाजावर पंपच चाळीस असतील.

मोठ्या इंजिनांची नावं निदान बोलकी असतात. नेमप्लेटवर ६एस६०एमसी-सी लिहिलं असेल तर पहिला ६ म्हणजे सहा सिलिंडर, एस म्हणजे अतिलांब स्ट्रोकचं, ६० म्हणजे सिलिंडरचा व्यास साठ सेंटिमीटर, आणि एमसी म्हणजे इंधनाचे पंप आणि व्हॉल्व्ह कॅमशाफ्टवर चालणारं. एवढ्यावर कुठल्या कुळातलं इंजिन ते कळतं. पण तरी पिस्टन रिंग मागवता येत नाही, कारण त्याच नावाच्या इंजिनात रिंगेची रचना सुधारत गेलेली असते. मग इंजिनचा अनुक्रमांक लागतो आणि मेकरच्या पुस्तकातला प्लेट क्रमांक.

ताफ्यात यावर आणखी एक गंमत होते. सिस्टर शिप्स म्हणजे एकाच ड्रॉइंगवर एकाच यार्डात बांधलेल्या जहाजांचे भाग सारखेच असणार, असं सगळे गृहीत धरतात. पहिल्या तीन जहाजांचे बिल्ज पंप (तळाशी साठलेलं पाणी उपसणारे) एका मेकरचे असतात. चौथ्याच्या वेळी यार्डाला दुसरा स्वस्त मिळाला. बाहेरून रंगही तोच. पाच वर्षांनी कुणीतरी पहिल्या जहाजाचा भाग चौथ्याला पाठवतो, खोकं उघडतं, आणि मग जे शब्द उच्चारले जातात ते इथे लिहिता येणार नाहीत.

दुसरी गंमत याच्या उलट. एकच ओ-रिंग चार यंत्रांखाली चार वेगवेगळ्या नावांनी नोंदलेली असते. एका ड्रॉवरमध्ये वीस पडलेल्या असताना दुसऱ्या ड्रॉवरसाठी दहा मागवल्या जातात. सिस्टिम सुरू करताना या नोंदी साफ करणं हे कंटाळवाणं काम कुणाला नको असतं. माझ्या मते ताफ्याच्या देखभालीतला सगळ्यांत वसूल होणारा खर्च तोच.

रंग, दोर, हातमोजे, बल्ब अशा सामान्य वस्तूंना मात्र हा त्रास फारसा नाही. त्यांना जहाजी भाषेत स्पेअर्स नव्हे, स्टोअर्स म्हणतात, आणि त्यांच्यासाठी इम्पा या जहाजी खरेदीवाल्यांच्या संघटनेचे सहा आकडी कोड जगभर चालतात. कोड लिहिला की सिंगापूरचा शिपचँडलर, म्हणजे जहाजांना सामान पुरवणारा, आणि रॉटरडॅमचा शिपचँडलर दोघेही तीच वस्तू काढतात.

किती ठेवायचे

आता खऱ्या गणिताकडे. किती भाग जहाजावर ठेवायचे? जास्त ठेवले तर पैसे अडकतात, रबर ड्रॉवरमध्ये पडूनपडून कडक होतं, जागा संपते. कमी ठेवले तर एक दिवस जहाज उभं राहतं. चार्टरवर, म्हणजे भाड्यानं दिलेलं, जहाज यंत्र बिघडल्यामुळे थांबलं की ते ऑफ-हायर होतं, म्हणजे त्या वेळेचं भाडं बंद. माणसांचे पगार आणि बाकी खर्च मात्र चालू.

प्रत्येक भागाबद्दल तीन प्रश्न विचारावेत. हा नसेल तर काय होईल? मागवल्यापासून हातात पडायला किती दिवस? आणि हा ताफ्यातल्या आणखी किती जहाजांना चालतो? तिसऱ्या प्रश्नाकडे फार थोडे लोक बघतात. एक उदाहरण मांडतो, आकडे हिशेबासाठी घेतलेले.

समजा दहा सारखी जहाजं आहेत आणि टर्बोचार्जरचा (इंजिनला दाबानं हवा पुरवणाऱ्या यंत्राचा) रोटर, म्हणजे त्याचा फिरता भाग, प्रत्येक जहाजावर सरासरी दहा वर्षांतून एकदा जातो. नवा रोटर मेकरकडून यायला तीन महिने. पहिला मार्ग: दहाही जहाजांवर एकेक रोटर ठेवा. एखाद्या जहाजाचा रोटर गेला, त्यानं आपला राखीव बसवला, आणि नवा येण्याआधीच दुसरा गेला, तरच पंचाईत. ही शक्यता सुमारे अडीच टक्के निघते. दुसरा मार्ग: सगळ्या ताफ्यासाठी मिळून फक्त दोन रोटर एका वखारीत ठेवा. ताफ्यात वर्षाला सरासरी एक रोटर लागणार. लागेल तेव्हा वखार रिकामी असण्याची शक्यता? सुमारे २.६ टक्के. जवळजवळ तेवढीच! दहा रोटरांचं काम दोन रोटर करतात. (एकावरच भागवू म्हणाल तर ती शक्यता २२ टक्क्यांवर जाते. दर चौथ्या-पाचव्या वेळी कपाट रिकामं. म्हणून दोन.)

यात एक गोम आहे, आणि ती हिशेबात दिसत नाही. जहाजावरचा रोटर तासाभरात हाताशी येतो, वखारीतला जहाजापर्यंत पोचायला आठवडा किंवा महिना. म्हणून सामायिक साठा अशाच भागांचा करावा ज्यांच्यावाचून जहाज अडखळत का होईना चालू शकतं. टर्बोचार्जरचा रोटर गेला तर तो लॉक करून कमी वेगानं बंदर गाठता येतं, म्हणून तो वखारीत चालतो. सिलिंडरमध्ये इंधन फवारणारा इंजेक्टर वखारीत चालत नाही. तो जहाजावरच हवा, आणि एक नव्हे, अख्खा संच.

‘तोवर कमी यंत्रांवर भागवू’ या विचाराची एक हद्दही असते. २३ मार्च २०१९ रोजी व्हायकिंग स्काय हे प्रवासी जहाज नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडलं, जहाजावर १,३७३ माणसं. जनरेटर चार, पण त्यातला एक टर्बोचार्जर बिघडल्यामुळे आधीच बंद. उरलेल्या तिघांच्या वंगणाच्या टाक्यांत तेलाची पातळी कमी होती; जहाज हेलकावू लागल्यावर पंपांना तेल मिळेना आणि एकामागून एक जनरेटर बंद पडले. जहाज खडकांच्या दिशेनं वाहत गेलं, वेळेवर इंजिन परत सुरू झालं म्हणून वाचलं. हेलिकॉप्टरनं ४७९ माणसं एकेक करून उचलावी लागली. बंद जनरेटर चालू असता तर हे टळलंच असतं असं नाही. मूळ दुखणं वंगणाच्या तेलाचं होतं. पण चारांतला एक बंद ठेवून निघताना राखीव ताकद किती उरते, हा प्रश्न त्या दिवशी कागदावरचा राहिला नाही.

खोक्याचा प्रवास

भाग ठरला, ऑर्डर गेली. आता खोकं जहाजापर्यंत पोचायचं आहे आणि जहाज एका जागी राहत नाही.

ठरलेल्या वेळापत्रकाच्या कंटेनर जहाजांचं त्यातल्या त्यात बरं. मिळेल तो माल उचलणाऱ्या बल्क कॅरियरचं मात्र विचारू नका. सोमवारी जहाज एका बंदराकडे निघालेलं असतं, बुधवारी चार्टररचा, म्हणजे जहाज भाड्यानं घेणाऱ्याचा, ईमेल येतो आणि ते दुसऱ्याच खंडाकडे वळतं. विमानानं पाठवलेलं खोकं पहिल्या बंदराच्या कस्टममध्ये पोचलेलं असतं. तिथून ते परत काढून पुढे पाठवणं हे नव्यानं पाठवण्यापेक्षा महागात पडू शकतं.

म्हणून ताफेवाले सिंगापूर, रॉटरडॅम, ह्यूस्टन, बुसान अशा ठिकाणी फॉरवर्डरच्या, म्हणजे माल पुढे पोचवणाऱ्या एजंटच्या, वखारीत भाग गोळा करून ठेवतात. वेगवेगळ्या मेकरची खोकी तिथे जमतात, जहाजाचं बंदर पक्कं झालं की एकत्र पॅलेटवर बांधून निघतात. एका मोठ्या पेटीचं भाडं दहा लहान पार्सलांपेक्षा बरंच कमी येतं. पेटीवर ‘ट्रान्झिटमधल्या जहाजाचे स्पेअर्स’ असं ठळक लिहिलेलं असतं; माल त्या देशात राहणार नसल्यानं बहुतेक ठिकाणी त्यावर आयात शुल्क लागत नाही. पण कागदात जहाजाचं नाव चुकलं, की तीच पेटी साधी आयात ठरते आणि अडकते.

शेवटचा अर्धा मैल सगळ्यांत बेभरवशाचा. जहाज नांगरावर असतं, लाँच माल घेऊन येते, समुद्र खवळलेला असतो, आणि जहाजाच्या प्रोव्हिजन क्रेननं पेटी वर घ्यायची असते. त्याच वेळी अन्नधान्य, सर्व्हेयर आणि बदलीची माणसंही चढत-उतरत असतात. मग पेटी डेकवर कुठेतरी ठेवली जाते, आणि चार दिवसांनी इंजिन रूममध्ये उघडल्यावर कळतं की तीन नगांऐवजी दोनच आलेत. डिलिव्हरी नोटवर मात्र सही झालेली असते. सही करण्याआधी मोजा, हे प्रत्येक सुपरिटेंडंट प्रत्येक चीफ इंजिनिअरला सांगतो. लाँचवाला खालून ओरडत असताना कितीजण मोजतात, हा भाग वेगळा.

गास्केट आणि कागद

आता काही भाग नुसते बसून चालत नाहीत, त्यांच्यासोबत कागदही लागतात. ॲस्बेस्टॉस हे त्यातलं ठळक उदाहरण. १ जानेवारी २०११ पासून जहाजावर नवं ॲस्बेस्टॉस बसवायला पूर्ण बंदी आहे. तरी जोडांतून गळती होऊ नये म्हणून घालायच्या स्वस्त गास्केटमध्ये आणि पॅकिंगमध्ये ते अजून सापडतं, कधीकधी ‘ॲस्बेस्टॉस-मुक्त’ छापलेल्या खोक्यातही. जहाज सुरक्षितपणे मोडण्याबाबतचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून अमलात आला. त्यानुसार आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या मोठ्या जहाजांना धोकादायक पदार्थांची यादी बाळगावी लागते, आणि ती ताजी ठेवायची तर येणाऱ्या भागासोबत मेकरचा मटेरियल डिक्लरेशनचा कागदही हवा. म्हणजे परचेसवाल्याला किंमत आणि मुदत याबरोबर हाही कागद मागावा लागतो. भाग येतो, कागद येत नाही, आणि त्या कागदामागे ईमेलांची माळ लागते.

मेकरचा अस्सल भाग की बाहेरचा स्वस्त, हा वाद तर जुना आहे. मी सरसकट कुठल्याच बाजूला नाही. साध्या पंपाचा शाफ्ट चांगल्या वर्कशॉपनं बनवला तर वर्षानुवर्षं चालतो. पण डिझेल इंजिनाच्या काही भागांवर मोकळीक नाही. धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडवर मर्यादा आहे, आणि त्यासाठी प्रत्येक इंजिनची एक टेक्निकल फाइल असते. इंजेक्टरचा नॉझल, पिस्टन, टर्बोचार्जर अशा भागांचे ओळख क्रमांक त्यात नोंदलेले असतात. सर्व्हेयर नॉझल काढायला लावून त्यावरचा ठसा फाइलशी ताडून पाहू शकतो. तिथे स्वस्त नॉझल निघाला तर वाचवलेले पैसे एका दुपारीच गेले.

एकाची चूक, सगळ्यांची

ताफा असण्याचा सगळ्यांत मोठा फायदा आणि सगळ्यांत मोठा धोका एकच: जे एका जहाजावर आहे, ते इतरांवरही आहे. २६ मार्च २०२४ च्या पहाटे डाली या कंटेनर जहाजाची वीज अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदराबाहेर पडताना गेली, ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाला धडकलं, आणि पुलावर काम करणारी सहा माणसं मेली. तपासात पहिल्या वीजबंदीचं कारण निघालं ते एक सैल वायर. वायरवरच्या लेबलाची पट्टी चुकीच्या जागी बसल्यानं वायर टर्मिनलमध्ये पुरती शिरलीच नव्हती. आणखी एक गोष्ट निघाली. जनरेटरना इंधन देण्यासाठी खरंतर लाइन धुण्यासाठीचा पंप वापरात होता. वीज गेली की तो आपोआप परत सुरू होत नाही. ही पद्धत त्याच ताफ्यातल्या आणखी निदान एका जहाजावरही आढळली.

मला यातली दुसरी गोष्ट जास्त बोचते. वायर कुणाच्याही जहाजावर सैल असू शकते. पण सोयीची पळवाट एका जहाजावरून दुसऱ्यावर जाते ती माणसांबरोबर: चीफची बदली झाली, नव्या जहाजावर त्यानं तेच सुरू केलं, कुणी विचारलं नाही. पीएमएसमध्ये त्याची नोंद नसते, कारण ते काम म्हणून कुणी लिहिलेलंच नाही. म्हणून सुपरिटेंडंट जहाजावर गेला की त्यानं टिक केलेली कामं तपासण्याआधी, जे चालू आहे ते ड्रॉइंगप्रमाणे चालू आहे का हे बघावं. आणि एका जहाजावर काही सापडलं की त्याच आठवड्यात बाकी जहाजांना विचारावं.

विचारताना सुरुवात आरोपानं केली, तर उत्तरं खोटी येतात. भागांच्या मोजणीचंही हेच. ‘शिल्लक का जुळत नाही?’ असं विचारणाऱ्या ऑफिसला शिल्लक नेहमी जुळलेली मिळते. मुरलेला चीफ इंजिनिअर तर आपल्या केबिनच्या सोफ्याखाली चार इंजेक्टर नॉझल दडवून ठेवतो. ते कुठल्याही यादीत नसतात. त्याला दोष देत नाही मी. तीनदा मागून एकदा मिळालं, की माणूस साठवायला शिकतोच. ऑफिस वेळेवर भाग देऊ लागलं, की ते नॉझल सोफ्याखालून निघून यादीत येतात.

शेवटी जहाज विकलं जातं. जुन्या जहाजांच्या व्यवहारात बहुतेक नॉर्वेजियन सेलफॉर्म नावाचा तयार करारनामा वापरतात. त्यात असं ठरलेलं आहे की त्या जहाजाचे सुटे भाग, वापरलेले किंवा नवे, जहाजावर असोत वा किनाऱ्यावर, खरेदीदाराचे होतात. ज्यांची फक्त ऑर्डर दिलीय ते सोडून. आता वखारीतले ते दोन सामायिक रोटर आठवा. दहा जहाजांसाठी घेतलेले, पण बिल एका जहाजाच्या नावावर फाडलेलं, कारण त्या तिमाहीत त्याच्याच बजेटमध्ये जागा होती. आणि विकलं गेलं ते नेमकं तेच जहाज. खरेदीदाराचा माणूस यादीवर बोट ठेवून विचारतो, हे दोन रोटर कुठायत? सुपरिटेंडंट तीन वर्षांपूर्वीच्या ईमेलमध्ये शोधायला लागतो की ते सगळ्यांसाठी घेतले होते असं कुणी कुठे लिहून ठेवलंय का.